सड्यावरून दक्षिण ध्रुवाकडे : गोव्यातल्या ध्रुवीय नोकरीची पार्श्वभूमी

अंटार्क्टिक मोहिमेसाठी कंत्राटी माणसं हवीत अशी जाहिरात निघाली की वास्को, सावंतवाडी, कुडाळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ती फिरायला लागते. यादी वाचून लोक थबकतात, कारण तिच्यात वाहन मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, क्रेन ऑपरेटर, स्वयंपाकी आणि डॉक्टर असतात. आमच्या शेजारच्या काकांनी मला विचारलं, "आयटीआय झालेल्या पोराला ते बर्फात कशाला नेतील?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर चाळीस वर्षांमागे मुरगावच्या धक्क्यावर सापडतं.

ही जाहिरात काढणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोत हेडलँड सड्यावर आहे. कोकणात सडा म्हणजे काय हे सांगायला नको : झाडोरा नाही, उघडा जांभा, वर वारा. खाली मुरगाव बंदर. हिमनग इथून हजारो किलोमीटरवर, तरी हे केंद्र दिल्लीत किंवा डोंगरात झालं नाही, ते या बंदरामुळे आणि दोना पावलाच्या शास्त्रज्ञांमुळे.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ला स्थापन झाली आणि पुढे गोव्यात दोना पावलाला रुजली. डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे संचालक होते. जुलै १९८१मध्ये केंद्र सरकारने महासागर विकास विभाग काढला, कासिम त्याचे सचिव झाले, आणि पाच महिन्यांत पहिली मोहीम निघाली. ६ डिसेंबर १९८१ला 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज २१ जणांना घेऊन गोव्यातून सुटलं. फारसा गाजावाजा न करता. ९ जानेवारी १९८२ला माणसं अंटार्क्टिकावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला परत गोव्याला लागली. सगळे मिळून ७७ दिवस.

घाईला कारण होतं. अंटार्क्टिक करार १९५९चा. त्यात निर्णयाचा अधिकार हवा असेल तर तिथे भरीव संशोधन करून दाखवावं लागतं. भारताने १९ ऑगस्ट १९८३ला करारात प्रवेश केला आणि १२ सप्टेंबरला सल्लागार देशाचा, म्हणजे निर्णयात मत असलेल्या देशाचा दर्जा मिळवला. आता तिथे कायमचं ठाणं हवं होतं, आणि इथेच कारागिरांचा प्रवेश होतो.

डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालच्या तिसऱ्या मोहिमेने १९८३-८४च्या एकाच उन्हाळ्यात 'दक्षिण गंगोत्री' उभं केलं. (तिथला उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी.) काम मुख्यतः लष्कराच्या अभियंत्यांनी ओढलं : सांगाडा जोडणं, जनरेटर बसवणं, जहाजावरून टनावारी सामान बर्फावर उतरवणं. मग १२ जण मागे राहिले आणि त्यांनी अख्खा हिवाळा काढला. जनरेटर बंद पडला तर दुरुस्तीला बाहेरून कुणी येणार नव्हतं. मेकॅनिकचं मोल तिथे त्या हिवाळ्यातच ठरलं.

याच मोहिमेत दोन स्त्रिया होत्या, भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरवैज्ञानिक अदिती पंत. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया या दोघी. पंत मूळच्या नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर, आणि नोकरी दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत. मराठी घरांतल्या मुलींना हे नाव शाळेतच कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. स्त्रीने तिथला हिवाळा काढायला मात्र आणखी बरीच वर्षं जावी लागली. १९९९-२०००मध्ये डॉ. कंवल विल्कू तिथे राहिल्या, तुकडीच्या डॉक्टर म्हणून.

फेब्रुवारी १९८४मध्ये दक्षिण गंगोत्रीत टपाल कार्यालय उघडलं आणि ते जोडलं गेलं गोव्याच्या टपाल विभागाला. पोस्टमास्तरचं काम एका शास्त्रज्ञाने सांभाळलं. तिकीट जमवणाऱ्यांची पाकिटं आजही गोव्यातून मोहिमेबरोबर जातात आणि शिक्का घेऊन परततात. गोल शिक्का, त्यात अंटार्क्टिकाचं नाव. असं पाकीट एकदा हातात घेऊन बघावं.

दक्षिण गंगोत्री बांधलं होतं तरंगत्या बर्फाच्या थरावर. दर हिवाळ्यात वर बर्फ साचत गेला, ठाणं खाली खाली गेलं, आणि १९९०मध्ये ते सोडावं लागलं. धडा साधा होता : बांधायचं तर खडकावर. सुमारे ९० किलोमीटरवर शिर्माखर टापू आहे, बर्फ नसलेला उघडा खडक. सड्यावर राहणाऱ्याला त्याची फोटोतली करडी, उघडी जमीन अनोळखी वाटत नाही. तिथे १९८९मध्ये 'मैत्री' उभं राहिलं, शेजारच्या तळ्याला प्रियदर्शिनी नाव दिलं, पाणी तिथूनच येतं. मैत्री अजून चालू आहे.

त्याच काळात, नवव्या मोहिमेत, डोंगरातल्या छावणीवर तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचून चार सहकारी गेले. हवा खेळती ठेवण्यासारखे नियम प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा का घोकवून घेतले जातात, ते या चार मृत्यूंमुळे समजतं. वासही येत नाही त्या वायूला.

तोवर मोहिमेची माणसं दरवर्षी वेगवेगळ्या खात्यांतून गोळा व्हायची : हवामान खातं, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, मुंबईची भूचुंबकत्व संस्था, लष्कर, नौदल. मोहीम संपली की सगळे आपापल्या टेबलाकडे. वाहनांचे सुटे भाग, थंडीचे कपडे, नोंदी, अनुभव सांभाळायला कायमचं घर नव्हतं. ते २५ मे १९९८ला स्वायत्त संस्था म्हणून नोंदवलं गेलं, राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्र या नावाने. डॉ. प्रेमचंद पांडे पहिले संचालक. २००८मध्ये आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला 'हिमाद्री' हे ठाणं सुरू झालं, २०१२मध्ये अंटार्क्टिकात लार्समन टेकड्यांवर 'भारती', २०१६मध्ये हिमाचलातल्या स्पितीत 'हिमांश'. अंटार्क्टिकापुरतं नाव अपुरं पडलं आणि २०१८मध्ये ते बदलून ध्रुवीय झालं. भारतीची इमारत १३४ कंटेनरांतून जोडलेली आहे, म्हणजे तिथेही वेल्डर-फिटरचंच काम मोठं.

सड्यावरच्या इमारतीत बर्फाच्या गाभ्यांसाठी उणे २० अंशांच्या खोल्या आहेत. अंटार्क्टिकात ड्रिलने काढलेल्या बर्फाच्या लांब कांड्या तिथे ठेवतात. बाहेर मे महिन्याचा घाम, आत जाड जाकीट आणि हातमोजे घालून करवतीने कांडी कापायची. त्या बर्फात अडकलेल्या धुळीतून आणि क्षारांतून शेकडो वर्षांमागचं हवामान वाचतात. खोलीची वीज गेली तर ही साठवण परत मिळणार नाही, म्हणून तिथला इलेक्ट्रिशियनही संशोधनाचाच भाग आहे.

जहाजं पूर्वी गोव्यातूनच सुटायची. आता मोहीम केपटाउनहून जाते, काही माणसं जहाजाने, काही विमानाने मैत्रीजवळच्या रशियन धावपट्टीवर. उड्डाण साधारण सहा तासांचं. पण निवड, कागदपत्रं, सामान, सगळं अजून वास्कोतून चालतं. निवड झालेल्यांची दिल्लीत एम्समध्ये वैद्यकीय तपासणी होते, मग उत्तराखंडातल्या औलीला बर्फात चालणं, दोर बांधणं, भेगेत पडलेल्याला वर काढणं शिकवतात. उन्हाळ्याचे लोक काही महिन्यांत परततात. हिवाळ्याची तुकडी वर्षभराहून अधिक राहते.

शेजारच्या काकांना मी हे सगळं सांगितलं, आणि एवढंही की मैत्रीत हिवाळ्याला २५च्या आसपासच माणसं असतात. मे अखेरीपासून जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही, वादळात इमारतीबाहेर पाऊल टाकायचं तर विचारून टाकावं लागतं. त्या २५ जणांत जनरेटर चालवणारा पोरगा शास्त्रज्ञाच्याच टेबलावर जेवतो आणि ताटं घासायची पाळी दोघांनाही येते. काका म्हणाले, "पोराचा आयटीआयचा दाखला कुठं ठेवलाय ते बघतो." आणि आत गेले.