'९८ टक्के अचूक' म्हणजे नक्की किती?

एआयने बनवलेली चित्रं ओळखणाऱ्या साधनांची जाहिरात बहुधा अशाच एखाद्या आकड्याने सुरू होते. तो आकडा कोणत्या चित्रांवर काढला, हे मात्र क्वचितच सांगितलेलं असतं. निवडताना पाहायचं ते दुसरंच: खऱ्या फोटोला हे साधन किती वेळा खोटं ठरवतं?

समजा, एखाद्या वृत्तपत्राकडे १००० फोटो आले आणि त्यांतले २० एआयचे आहेत. साधन बनावटांपैकी ९० टक्के पकडतं आणि खऱ्यांपैकी ५ टक्क्यांवर उगाच संशय घेतं. म्हणजे १८ बनावट सापडले, पण ९८० खऱ्यांतले ४९ही अडकले. संशयित ठरलेल्या ६७ फोटोंपैकी जवळपास तीन चतुर्थांश अस्सलच!

काही साधनं फोटोच्या मुळाची नोंद शोधतात. सीटूपीए या चित्राचा उगम नोंदवणाऱ्या मानकानुसार फाइलला जोडलेली डिजिटल सही सापडली तर पुरावा भक्कम. पण स्क्रीनशॉट काढला की ती जाते. गुगल आपल्या एआय चित्रांत घालतं ती सिंथआयडी ही अदृश्य खूण पिक्सेलमध्येच दडलेली असल्याने जास्त टिकते. मात्र ती नाही म्हणून फोटो खरा, असं नव्हे. दुसऱ्या कंपनीच्या एआय मॉडेलने काढलेल्या चित्रात ती असेलच असं नाही.

बाकीची साधनं पिक्सेलमधल्या सूक्ष्म नक्षीवरून अंदाज बांधतात, आणि खरी गोची इथे आहे. फोटो साठवण्याचा जेपेग हा फाइल-प्रकार चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळतो. व्हॉट्सॲपवरून दोनदा फिरलेल्या फोटोत नेमक्या त्याच खुणा पुसट होतात. त्यात भर म्हणजे साधनाला शिकवताना वापरलेले खरे फोटो जेपेगमध्ये आणि बनावट पीएनजीमध्ये असले, तर साधन एआयऐवजी फाइलचा प्रकारच ओळखायला शिकतं. नवं मॉडेल बाजारात आलं की जुनं साधन गडबडतं, ते वेगळंच.

म्हणून विकत घेण्याआधी स्वतः चाचणी घ्या. आपल्या फोनमधले ५० खरे फोटो घ्या. त्यांत नाइट मोड, पोर्ट्रेट आणि ब्यूटी फिल्टरचे हवेतच, कारण साधनं तिथे अडखळू शकतात. तीन-चार वेगवेगळ्या एआय मॉडेलांची ५० चित्रं घ्या. प्रत्येकाच्या तीन प्रती तपासा: मूळ, व्हॉट्सॲपवरून आलेली आणि स्क्रीनशॉट. (मूळ फाइल मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.) गुण तक्त्यात मांडा. '७० टक्के एआय' हा साधनाचा स्वतःचा गुणांक आहे, ७० टक्के शक्यता नव्हे. तेव्हा संशयाची रेषा ५० वर न ठेवता, खरे फोटो जिथे अडकेनासे होतात तिथे आखा. त्या रेषेवर बनावट अगदीच थोडे सापडत असतील, तर ते साधन घेऊ नका.