टॅलेंट असलं की व्हिसा मिळतोच?

'नाझी जर्मनीने हाकललेल्या प्रोफेसरांना अमेरिकेने लगेच पायघड्या घातल्या' हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. दोन-चार फेमस नावांपुरतं ठीक (आपल्याला तीच माहीत असतात ना), बाकीच्यांचं तसं नव्हतं. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू आणि विरोधी मताच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात झाली, त्यात प्रोफेसरही आले. अमेरिकेच्या १९२४ च्या इमिग्रेशन कायद्यात प्रोफेसरांना कोट्याबाहेर (म्हणजे प्रत्येक देशातून वर्षाला किती जणांना घ्यायचं त्या मर्यादेबाहेर) व्हिसा होता खरा, पण अट अशी की अर्जाआधीची किमान दोन वर्षं शिकवत असायला हवं, म्हणजे नोकरी गेली म्हणून पळायचं आणि नोकरी गेली म्हणूनच व्हिसा अडायचा! बरेच जण इस्तंबूलला गेले, सुरुवातीला दुभाषा घेऊन लेक्चर द्यायचे. चेक करायचं तर १९२४ च्या त्या अमेरिकन कायद्याचं कलम ४ (डी) नेटवर वाचा.