टोमॅटोची मर: औषध मागण्याआधी खोड चिरून बघा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

तोडा सुरू व्हायच्या तोंडावर झाडं माना टाकायला लागली की जीव थाऱ्यावर राहत नाही. अशा वेळी आमच्या रोपवाटिकेत बहुतेक जण मोबाईलमध्ये पानाचा फोटो घेऊन येतात. फोटोवरून मर कळत नाही. झाड मुळासकट उपटून आणा, नाहीतर घरीच बघा.

बुडाजवळचं खोड विळ्यानं उभं चिरा. सालीच्या आत तपकिरी रेघा असतील आणि खालची पानं आधी, पुष्कळदा एकाच बाजूची, पिवळी पडत गेली असतील, तर ती फ्युजॅरियम बुरशीची मर. झाड हिरवंगार असतानाच दोन-तीन दिवसांत कोमेजलं, तर खोडाचा तुकडा काचेच्या ग्लासात, टोक पाण्यात बुडेल असा धरा. पाचेक मिनिटांत दुधासारखे धागे खाली उतरले तर रोग जिवाणूचा. त्यावर बुरशीनाशक ओतलं तर पैसे मातीत जातात, आणि ते आम्हाला विकायचं नाही.

फ्युजॅरियम बुरशी मुळातून शिरून पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करते. म्हणून पाणी वाढवून किंवा पानांवर फवारून झाड सावरत नाही. सुकलेलं झाड काढून जाळा, बांधावर टाकू नका. शेजारच्या झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे पाण्यात कालवून बुडाशी ओता, लिटरला 3 ग्रॅम. पाटपाणी असेल तर त्या सरीचं पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका.

खरं काम लागणीआधीचं. एकरी 2.5 किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली 8-10 दिवस ठेवून मग रानात टाका. ताजं शेण नको, ढीग तापतो. ट्रायकोडर्मा आणि कॉपर कधीही एकत्र देऊ नका, मध्ये 15 दिवस जाऊ द्या. नदीकाठच्या काळ्या रानात पाणी साचतं, तिथं गादीवाफा उंच हवाच.

मरीची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. मर लागलेल्या रानात 3-4 वर्षं टोमॅटो नको. आपल्याकडं ऊस लावून दोन खोडवी घेतली की तेवढा काळ सहज निघतो. मध्ये वांगी-मिरची मात्र घेऊ नका, जिवाणूची मर त्यांनाही लागते.

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटोचा वाण जिवाणूच्या मरीला तोंड देतो. बुरशीच्या मरीसाठी म्हणून तो नेऊ नका.

रोपांची नोंदणी करायला येताना मागच्या टोमॅटोच्या मुळांवर गाठी होत्या का, ते आठवून या. त्या गाठी सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या बारीक किड्यांच्या; त्यांनी पोखरलेल्या मुळातून मरीची बुरशी लवकर शिरते. गाठी असतील तर आधी झेंडूचं पीक घ्या, टोमॅटोचं वाण त्यानंतर ठरवू.