काळं कुत्रं आणि शिसपेन्सिल

मालकिणीच्या मांडीवर बसलेलं काळंभोर कुत्रं शिसपेन्सिलीने काढायला घ्या. मालकिणीचा चेहरा जमेल, बाहीच्या चुण्याही जमतील. कुत्रं मात्र करडंच राहील. जोर लावून पुन्हा पुन्हा गिरवलं तर ते काळं व्हायचं सोडून चकाकायला लागतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना ही चकाकी चांगलीच ओळखीची असेल.

दोष हाताचा नाही, ग्राफाइटचा आहे. ग्राफाइट म्हणजे कार्बनच. त्याचे अणू षटकोनी जाळीच्या थरांमध्ये बसलेले असतात. एका थरातली पकड जबरदस्त, पण 0.335 नॅनोमीटरवरच्या शेजारच्या थराशी नातं अगदी सैल. पेन्सिल कागदाच्या तंतूंवर घासली की थर सुटतात आणि चपटे कण कागदावर बसतात. हलक्या हाताने ओढलं तर ते फक्त उंचवट्यांवर बसतात, खळगे पांढरे राहतात आणि आपल्याला करडी छटा दिसते. जोर दिला की खळगेही भरतात, पण कण आडवे होऊन एकाला एक लागून पसरतात आणि उजेड थेट परत फेकतात. कोळशाची कांडीही मुख्यतः कार्बनचीच, पण तिची भुकटी खडबडीत. तिच्यात उजेड अडकतो, म्हणून कोळशाचा काळा खरोखर काळा.

नवअभिजात शैलीचा फ्रेंच चित्रकार अँग्र या मर्यादेशी भांडत बसला नाही. 1815 मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला आणि रोममधली त्याची फ्रेंच गिऱ्हाइकं पांगली. मग पोटासाठी तो तिथे येणाऱ्या इंग्रज प्रवाशांची पेन्सिलचित्रं काढू लागला. त्याला स्वतःला हे काम कमी दर्जाचं वाटायचं. मला मात्र त्याच्या कित्येक भव्य तैलचित्रांपेक्षा हीच जास्त जिवंत वाटतात. 1816 मध्ये त्याने लॉर्ड विल्यम बेंटिंक आणि त्याच्या बायकोचं चित्र काढलं. हाच बेंटिंक पुढे गव्हर्नर जनरल झाला आणि 1829 मध्ये त्याने सतीबंदीचा कायदा केला. या चित्रांमध्ये अँग्र चेहऱ्यावर बारीक छटा देतो, कपडे मात्र धारदार रेषांत उरकतो. भलामोठा काळा पट्टा भरायची वेळच तो येऊ देत नाही.

त्या पिढीच्या हाती पेन्सिलही नवी आली होती. 1793 मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या बॉरोडेल खाणीतलं अस्सल ग्राफाइट फ्रान्सला मिळेनासं झालं. तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून भट्टीत भाजली आणि 1795 मध्ये पेटंट घेतलं. माती जास्त तर कांडी कडक आणि रेघ फिकी. माती कमी तर मऊ आणि गडद. आजच्या एचबी आणि सिक्सबीमागेही हेच गणित आहे.

मग कुत्र्याचं काय करायचं? अंग भरून काढू नका. केस ज्या दिशेला वळतात त्याच दिशेने तुटक रेघा ओढा, मधे कागद दिसू द्या. गडद काळा फक्त नाकपुडीला, कानाखाली आणि डोळ्याला. डोळ्यातला चमकता ठिपका कोरा सोडा. मागचा झगाही जवळपास कोराच ठेवा. डोळा रंगाची गडदता शेजारच्या रंगावरून ठरवतो, त्यामुळे पांढऱ्यापुढे करडंही काळं वाटतं.

एवढं मात्र खरं, की ही सगळी भिस्त कागदाच्या पांढरेपणावर आहे. ग्राफाइट उजेडाने विटत नाही. कागद मात्र वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो, आणि मग कुत्रं पुन्हा करडं दिसायला लागतं.