मळीवर उडालेले विमान: धूर तोच, हिशेब वेगळा

१९ मे २०२३ रोजी एअर एशिया इंडियाचे एक विमान प्रवाशांना घेऊन पुण्याहून दिल्लीला गेले, तेव्हा त्याच्या टाकीत नेहमीच्या विमान इंधनाबरोबर उसाच्या मळीपासून तयार केलेले इंधनही होते. हे इंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केले होते आणि इंडियन ऑइलचाही या उपक्रमात सहभाग होता. देशांतर्गत प्रवासी उड्डाणात असे देशी इंधन वापरण्याचे ते पहिलेच प्रात्यक्षिक होते, आणि मिश्रणाचे प्रमाण होते जास्तीत जास्त १ टक्का. अशा बातम्यांबरोबर ‘कार्बनमुक्त उड्डाण’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. तो कितपत खरा आहे, हे तपासायला याच उड्डाणापासून सुरुवात केलेली बरी.

विमानाचे नेहमीचे इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेल. त्यातील कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू घेतो, म्हणून १ किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ही वाढ हवेतून आलेल्या ऑक्सिजनच्या वजनाची असते. मळीपासून केलेले इंधनही शेवटी त्याच जातीचे हायड्रोकार्बन असते. तसे ते असावेच लागते, कारण इंजिन, टाक्या, पंप आणि रबरी सील यांपैकी काहीही न बदलता ते वापरायचे असते. इंजिनाला इंधनाचे कुळ कळत नाही. त्यामुळे नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूत जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड असतो. धुरापाशी मोजले, तर पर्यायी इंधनाने बचत होतच नाही.

बचत होते ती जमिनीवर. रॉकेलातील कार्बन कोट्यवधी वर्षे भूगर्भात पडून होता आणि तो हवेत नव्याने भर घालतो, तर उसातील कार्बन त्या उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. उसना घेतलेला पैसा परत केला, तर एकूण कर्ज वाढत नाही, असा हा युक्तिवाद आहे आणि तो मुळात बरोबर आहे. अडचण उसनवारीवरच्या व्याजाची आहे. उसाला युरिया लागतो. तो बनवताना नैसर्गिक वायू खर्ची पडतो आणि शेतात टाकल्यावर त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक आहे. पाणी उपसणाऱ्या पंपांची वीज आपल्याकडे अजून बहुतांशी कोळशाची आहे. त्यानंतर तोडणी, वाहतूक, गाळप, किण्वन, ऊर्ध्वपातन, आणि शेवटी अल्कोहोलचे रेणू एकमेकांना जोडून त्यांचे विमानाला चालणारे लांब रेणू करण्याची प्रक्रिया. कारखाना बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडावर, चालत असेल, तर यातील बराच भार हलका होतो, पण शून्य होत नाही.

यात एक गंमतीशीर पेच आहे. मळी हा साखरेचा उपपदार्थ. मग उसाच्या शेतातील उत्सर्जन कोणाच्या नावावर लिहायचे? सगळे साखरेच्या नावावर टाकले, तर मळी जवळजवळ निष्कलंक ठरते. दोन्ही पदार्थांत वाटून टाकले, तर तेच इंधन लगेच जड होते. वाटणी वजनावर करायची, ऊर्जेवर की बाजारभावावर, याचे उत्तर निसर्ग देत नाही, ते नियम बनवणारे देतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘कॉर्सिया’ या योजनेत असे नियम आहेत. त्यात साध्या विमान इंधनाचे उत्खननापासून ज्वलनापर्यंतचे उत्सर्जन दर मेगाज्यूल ऊर्जेमागे ८९ ग्रॅम धरले आहे. वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेल्या इंधनाला त्याच मापाने १३.९ ग्रॅम हा आकडा मिळतो. अमेरिकी मक्याच्या इथेनॉलपासून केलेल्या इंधनाला मात्र, मक्यासाठी अन्यत्र जमीन नांगरली जाते त्याचा भार धरून, ९०.८ ग्रॅम, म्हणजे रॉकेलपेक्षाही किंचित जास्त. तिन्हींचा धूर एकसारखाच, कागदावरचे अंतर मात्र एवढे.

तळणीच्या तेलाला एवढा चांगला आकडा मिळतो, कारण ते ‘टाकाऊ’ मानले जाते आणि गोळा होण्यापूर्वीचा त्याचा सारा इतिहास पुसला जातो. वड्याच्या गाड्यावरची कढई पाहिली, तर हे पटते: पुन्हा पुन्हा तापून तेल काळसर आणि दाट झालेले असते, त्यावर फेस येऊ लागतो. भारतात अशा तेलातील ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणाऱ्या घटकांचे, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरण्यास २०१८ पासून मनाई आहे. ते गटारात किंवा पुन्हा कुणाच्या पोटात जाण्यापेक्षा विमानात गेलेले केव्हाही चांगले. मात्र वापरलेल्या तेलाचा भाव वाढला की ताजे तेलच ‘वापरलेले’ म्हणून खपवण्याचा मोह होतो, आणि ते पामतेल असेल, तर हिशेब पार उलटतो. शिवाय तेलाचे इंधन करताना त्यातील ऑक्सिजन काढण्यासाठी लागणारा हायड्रोजनही सहसा नैसर्गिक वायूपासूनच येतो.

२८ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हर्जिन अटलांटिकचे बोइंग ७८७ विमान लंडनहून न्यूयॉर्कला संपूर्णपणे पर्यायी इंधनावर गेले. त्यात ८८ टक्के इंधन टाकाऊ चरबी व तेलापासूनचे होते आणि १२ टक्के वनस्पतिजन्य शर्करेपासूनचे. दुसऱ्या घटकाची गरज होती, कारण पहिल्यात ॲरोमॅटिक संयुगे, म्हणजे कड्यासारखी रचना असलेली हायड्रोकार्बने, नसतात आणि त्यांच्याविना सील पुरेसे फुगत नाहीत. टाकीत शंभर टक्के पर्यायी इंधन असूनही कंपनीने स्वतः जाहीर केलेली कार्बन उत्सर्जनातील घट होती ६४ टक्के. पुढे ब्रिटनमधील जाहिरात नियामकाने या उड्डाणाची ‘१०० टक्के शाश्वत इंधन’ म्हणणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. निर्णय मला रास्त वाटतो. श्रोत्याच्या कानात शंभर हा आकडा इंधनावरून सरकून प्रदूषणावर जाऊन बसतो.

कार्बनच्या पलीकडे आकाशातला एक मुद्दा उरतोच. थंड, दमट हवेत विमानामागे पांढरी रेघ उमटते, ती काजळीच्या कणांभोवती गोठलेल्या बाष्पाची असते. ही रेघ पसरून तासन्तास टिकली, तर जमिनीची उष्णता अडवते, विशेषतः रात्री. विमान वाहतुकीने आजवर केलेल्या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा सुमारे एक तृतीयांशच असावा आणि उरलेल्यात या रेघांचा मोठा, असा अंदाज आहे, त्यातील अनिश्चितताही मोठी आहे. येथे मात्र पर्यायी इंधनाची बाजू भक्कम आहे. ॲरोमॅटिक कमी म्हणून काजळी कमी, आणि काजळी कमी म्हणून बर्फाचे कण कमी. नासा आणि जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थांनी २०१८ मध्ये पर्यायी इंधनाचे मिश्रण जाळणाऱ्या विमानामागून दुसरे विमान उडवून ही मोजणी केली, तेव्हा बर्फकणांत ५० ते ७० टक्के घट दिसली.

हायड्रोजनमध्ये कार्बनच नाही, म्हणून धुराच्या कसोटीवर तो निर्विवाद उतरतो. जळताना पाणी आणि थोडे नायट्रोजन ऑक्साइड, एवढेच. १९८८ मध्ये सोव्हिएत संघाच्या टीयू-१५५ विमानाने एक इंजिन द्रवरूप हायड्रोजनवर चालवून उड्डाणही केले होते. पण तो उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी चौपट जागा घेतो. शिवाय १ किलो हायड्रोजन पाण्यापासून मिळवायला ५० युनिटांहून अधिक वीज लागते. दर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडणारी वीज वापरली, तर तो ३५ किलोंवर जातो, आणि तेवढीच ऊर्जा देणाऱ्या रॉकेलाचा सारा हिशेब धरूनही ११ किलोंच्या आसपास भरतो. त्यामुळे सौर किंवा पवन वीज नसेल, तर हायड्रोजनचे विमान कार्बनचे धुराडे फक्त वीजकेंद्रावर हलवते. बॅटरीच्या विमानालाही हेच लागू आहे, आणि तिच्या वजनामुळे सध्या तरी ते छोट्या पल्ल्यापुरतेच आहे.

आता पुन्हा पुणे-दिल्ली. त्या अंतराला सोयीसाठी ४ टन इंधन धरले, तर १ टक्का म्हणजे ४० किलो. मळीचे इंधन ८० टक्के बचत करते असे उदारपणे मानले, तरी त्या फेरीत वाचलेला कार्बन डायऑक्साइड शंभर-सव्वाशे किलो भरतो, आणि बारा टनांहून अधिक आकाशात जातोच. हा १ टक्का देशभर लागू करायचा, तर वर्षाला सुमारे १४ कोटी लिटर इंधन लागेल, असे तेव्हा केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांनी सांगितले होते. सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के असे लक्ष्य ठेवले आहे. त्या लिटरांमागे मळी किती, तळणीचे तेल किती आणि थेट उसाचा रस किती, यावर त्यांचा कार्बन ठरेल. उसाने प्यायलेले पाणी मात्र कार्बनच्या या वहीत कुठेच लिहिले जात नाही.