कार्ल मिकाएल बेलमन

बेलमन, कार्ल मिकाएल (४ फेब्रुवारी १७४० – ११ फेब्रुवारी १७९५) : स्वीडिश कवी, पदकार आणि गायक. अठराव्या शतकातील स्टॉकहोम शहर, तेथील गुत्ते, जलमार्ग, सहली आणि अंत्ययात्रा यांसह, त्याच्या पदांत जितके जिवंत उतरले आहे तितके त्या काळच्या दुसऱ्या कोणाच्याही लेखनात उतरलेले नाही.

त्याचा जन्म स्टॉकहोमच्या सॉदरमाल्म भागात एका सुस्थितीतील कुटुंबात झाला. वडील सरकारी कचेरीत अधिकारी होते, आजोबा उप्साला विद्यापीठात प्राध्यापक होते, तर आई धर्मोपदेशकाची मुलगी होती. लहानपणी आलेल्या तापाच्या ग्लानीत आपण यमकांत बोलत असू, अशी आठवण त्याने आत्मवृत्तात सांगितली आहे. त्याचे पहिले प्रकाशित पुस्तक (१७५७) हे मृत्युचिंतनपर जर्मन धार्मिक ग्रंथाचे भाषांतर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे मद्य, प्रेम आणि मेजवानी हे विषय हाती घेतल्यावरही मृत्यूने त्याच्या कवितेची पाठ सोडली नाही. त्याच वर्षी तो राष्ट्रीय बँकेत उमेदवार म्हणून लागला. उप्सालातले शिक्षण मात्र अल्पकाळच टिकले. कर्ज वाढत गेले आणि १७६३ मध्ये धनकोंच्या तगाद्यामुळे त्याला काही काळ नॉर्वेत पळून जावे लागले. परतल्यावर त्याने किरकोळ सरकारी नोकऱ्या केल्या.

त्याची कीर्ती मुख्यतः ८२ पदांच्या ‘फ्रेडमनची पत्रे’ (१७९०) या संग्रहावर उभी आहे. ही पदे रचण्यास त्याने १७६८ च्या सुमारास आरंभ केला, म्हणजे छापील संग्रह निघण्यापूर्वी वीसएक वर्षे ती तोंडी आणि हस्तलिखितांतून फिरत होती. जाँ फ्रेडमन हा स्टॉकहोममधील एकेकाळचा नामांकित घड्याळजी अखेरीस कंगाल होऊन १७६७ मध्ये मरण पावला. बेलमनने त्याला मद्यदेव बाकसचा प्रेषित केले आणि बायबलमधील पौलाच्या पत्रांच्या धर्तीवर त्याच्या तोंडी ही ‘पत्रे’ घातली. वादक मोविट्झ आणि उल्ला विनब्लाड ही यांतील प्रमुख पात्रे होत. उल्लाचे चित्रण मारिया क्रिस्टीना शेलस्ट्रॉम या खऱ्या स्त्रीवरून सुचले असले, तरी पदांत ती कधी गुत्त्यातली बाई असते, तर कधी साक्षात प्रेमदेवता व्हीनस.

तेविसाव्या पत्रात फ्रेडमन रात्री गुत्त्याबाहेरच्या गटारात पडलेला आहे. आपल्याला जन्म का दिलास म्हणून तो आईला दोष देतो, बापाच्या शेजेला शिव्या घालतो, आपल्या फाटक्या अंगाची दशा पाहतो. मग उजाडते, गुत्त्याचे दार उघडते, पहिला घोट पोटात जातो आणि तोच फ्रेडमन आईबापांचे आभार मानू लागतो. निराशेपासून उल्हासापर्यंतचा हा सगळा प्रवास एका पदात आणि एकाच चालीत होतो. तिसावे पत्र क्षयाने खंगलेल्या मोविट्झला उद्देशून आहे: पेला रिकामा कर, मृत्यू तलवारीला धार लावीत तुझ्या उंबरठ्यावर उभा आहे. अशी पदे वाचल्यावर बेलमनला केवळ मद्यगीतांचा कवी म्हणणे अन्यायाचे वाटते. अठ्ठेचाळिसाव्या पत्रात, १७६९ मधील एका उन्हाळी पहाटे मेलारेन सरोवरातून घरी परतणाऱ्या उल्लाच्या नौकाप्रवासात, मृत्यूची ही सावली दिसत नाही. तेथे चकाकणारा सूर्य आहे, पाणी आहे आणि काठावर जागे होणारे जग आहे.

चाली बहुधा त्याच्या स्वतःच्या नसत. फ्रेंच संगीतिकांतील आणि नृत्यांतील लोकांच्या कानांवर असलेल्या चाली घेऊन त्यांवर तो शब्द बसवी. मिन्युएट या दरबारी नृत्याच्या ठेक्यावर गुत्त्यातील भांडण ऐकताना होणारी गंमत नुसत्या वाचनाने कळत नाही. तो स्वतः सिटर्न हे तंतुवाद्य वाजवीत गाई. १७७९ मध्ये पेर क्राफ्ट याने काढलेल्या व्यक्तिचित्रात ते त्याच्या हाती आहे.

राजा तिसरा गुस्ताव याच्या कृपेने १७७६ मध्ये त्याला सरकारी सोडतीच्या कचेरीत चिटणिसाचे पद मिळाले. पुढच्या वर्षी त्याने लोविसा ग्रोनलुंड हिच्याशी विवाह केला. १७७८ मध्ये त्याच्यावर तिखट टीका करणारा कवी केलग्रेन यानेच पुढे ‘पत्रां’ना प्रस्तावना लिहिली. १७९१ मध्ये ६५ पदांचा ‘फ्रेडमनची गीते’ हा संग्रह आला. गुस्तावने १७८६ मध्ये स्थापन केलेल्या स्वीडिश अकादमीचे सदस्यत्व मात्र बेलमनला कधीच लाभले नाही.

१७९२ मध्ये गुस्तावचा खून झाल्याने त्याचा आधार गेला. १७९४ मध्ये कर्जापायी त्याला कैद भोगावी लागली. उपरोक्त आत्मवृत्त त्याच काळातील आहे. पुढच्याच वर्षी, मोविट्झला ग्रासणाऱ्या त्याच क्षयाने त्याचा मृत्यू झाला. स्टॉकहोममधील क्लारा चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. त्याच्या थडग्याची नेमकी जागा अज्ञात असून तेथील स्मारक स्वीडिश अकादमीने १८५१ मध्ये उभारले.