काम वाटणं आणि निर्णय सोपवणं: गल्लत नेमकी कुठे होते

नेतृत्वगुण वाढवायचे म्हटलं की पहिला सल्ला हमखास ऐकायला मिळतो: सगळं स्वतः करू नका, कामं इतरांकडे द्या. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. तो पाळणारी मंडळी थोड्याच दिवसांत कुरकुरू लागतात. कामं देऊनही डोक्यावरचा भार उतरलेला नसतो, उलट 'जरा विचारायचं होतं' म्हणत दारात येणारे वाढलेले असतात. काम गेलं, निर्णय मात्र आपल्याच टेबलावर राहिला, हे लक्षात येत नाही. वर पुन्हा 'आमच्याकडची माणसं पुढाकारच घेत नाहीत' ही ठरलेली टिप्पणी. तिचा आता वीट आलाय.

काम वाटणं सगळ्यांनाच येतं, त्यावर वेळ घालवत नाही. कोण, काय, कधीपर्यंत एवढं ठरलं की झालं. तातडीचं, एकदाच करायचं किंवा पद्धत आधीच पक्की असलेलं काम असंच द्यावं. आणीबाणीत कोणी अधिकार वाटत बसत नाही. आपल्याला नकोशी झालेली कामं खाली ढकलणं हा आणखी तिसराच प्रकार, त्याला या दोन्हींपैकी कुठलंही नाव देऊ नये. काम तोंडी दिलं की लिहून, कुठल्या ॲपवर नोंदवलं, समोरचा नवा आहे की जुना, हे फरकही इथे गौण आहेत.

अडतं ते एकाच ठिकाणी: शेवटचा शब्द कोणाचा?

समजा, सहकाऱ्याला पुरवठादार निवडायला सांगितलं. तो तिघांकडून दर मागवतो, तक्ता करतो आणि तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही नजर फिरवता आणि एकावर बोट ठेवता. मेहनत त्याची, निवड तुमची. असं पाच वेळा झालं तरी तो तक्ते करायलाच शिकतो. निवडायला शिकत नाही, कारण स्वतःच्या निवडीचे परिणाम त्याने एकदाही भोगलेले नसतात. आता हेच काम असं द्या: 'अंदाजपत्रकात बसत असेल आणि माल २० तारखेच्या आत येत असेल तर तू ठरव आणि ऑर्डर देऊन मला कळव. खर्च अंदाजपत्रकाच्या वर जात असेल तर मात्र आधी माझ्याशी बोल.' काम तेच आहे. पण आता कुंपण कुठे आहे ते त्याला माहीत आहे आणि कुंपणाच्या आत तो मोकळा आहे.

विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांनी १९७४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या व्यवस्थापनविषयक नियतकालिकातल्या लेखात पुढाकाराच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या. त्या आजही जशाच्या तशा वापरता येतात. पहिली, सांगेपर्यंत थांबणं. दुसरी, काय करू म्हणून विचारणं. तिसरी, उपाय सुचवून होकार मिळाल्यावर करणं. चौथी, करून लगेच कळवणं. पाचवी, करून टाकणं आणि नेहमीच्या आढाव्यात सांगणं. पहिल्या दोन पायऱ्या बंदच कराव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते योग्यच आहे. पायरी माणसागणिक ठरवू नका, विषयागणिक ठरवा. एकाच सहकाऱ्याला पाळ्यांचं वेळापत्रक पाचव्या पायरीवर, ग्राहकांच्या तक्रारींची उत्तरं चौथ्या आणि नव्या माणसाची निवड तिसऱ्या पायरीवर देता येते.

खरा घोळ तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत होतो. तुम्ही मनात चौथी धरलेली असते, समोरचा तिसरी समजून तुमच्या होकाराची वाट पाहत बसतो आणि काम आठवडाभर अडकतं. कधी उलटंही होतं: तो करून मोकळा होतो आणि तुम्ही 'मला न विचारता कसं केलंस?' म्हणून चिडता. म्हणून पायरी तोंडाने सांगायची, गृहीत धरायची नाही. आणि 'तू बघ, पण मला विचारून कर' हे वाक्य कायमचं टाकून द्या. त्याचा अर्थ कोणालाच लागत नाही.

सोपवलेला निर्णय परत ओढून घेण्याचे प्रकार मात्र सगळ्यांना सहज जमतात. 'ठेव, मी बघतो' हा त्यातला सर्वांत सभ्य दिसणारा. त्या एका वाक्याने प्रश्न पुन्हा तुमचा होतो. त्याऐवजी 'दोन पर्याय आणि तुझी पसंती घेऊन ये' म्हणा. मात्र समोरच्याकडे माहितीच नसताना 'तुला काय वाटतं?' विचारणं हा निव्वळ छळ आहे. आधी मर्यादा, त्यामागची कारणं आणि कोणाशी बोलायचं हे सांगा. आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: निर्णय कोणाकडे दिलाय हे बाकीच्यांना कळवणं. ते केलं नाही तर इतर विभाग वळसा घालून थेट तुमच्याकडेच येतात. तुम्ही सवयीने उत्तर देता आणि ज्याच्याकडे अधिकार दिला तो तोंडघशी पडतो.

दुसरा प्रकार म्हणजे फिरवाफिरव. सहकाऱ्याचा निर्णय तुमच्यापेक्षा वेगळा निघाला, तर आधी दोनच गोष्टी तपासा: तो ठरलेल्या मर्यादेत आहे का, आणि त्यातून होणारं नुकसान नंतर भरून काढता येईल का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर गप्प बसा. वेगळा असणं म्हणजे चुकीचा असणं नाही. एकदा जरी उगाच फिरवलात, तरी पुढचे सगळे निर्णय आधी तुमच्याकडे मंजुरीला येतील.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो: वरच्यांना उत्तर तर मलाच द्यायचंय ना! बरोबर आहे. अधिकार खाली देता येतो, उत्तरदायित्व देता येत नाही, ते तुमच्याकडेच राहतं. पण त्यावरचा इलाज निर्णय परत घेणं हा नाही. तपासणीच्या तारखा आधीच ठरवणं हा आहे. चार आठवड्यांच्या कामात पहिल्या आठवड्याच्या शेवटी एकदा भेटा, तेव्हा दिशा बदलणं स्वस्त असतं. दुसऱ्यांदा तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, दुरुस्तीला वेळ उरलेला असतानाच. दररोज डोकावणं म्हणजे सोपवलेलं परत घेणं. आणि महिनाभर ढुंकूनही न बघता शेवटच्या दिवशी ओरडणं त्याहून वाईट.

याचा सराव स्वतःवरच करायचा असतो. दोन आठवडे वही जवळ ठेवा. कोणी काहीही विचारायला आलं की प्रश्न आणि तुम्ही दिलेलं उत्तर, एवढं एका ओळीत लिहा. नंतर तीन खुणा करा. ज्या प्रश्नांना तुम्ही दर वेळी तेच उत्तर दिलंत, त्यांचा नियम लिहून देऊन टाका. विचारणाऱ्याकडे योग्य उत्तर आधीच होतं, असे प्रश्न चौथ्या पायरीवर न्या. उरलेले खरोखर तुमचे. पहिल्यांदा सोपवायला असा निर्णय निवडा जो दर आठवड्याला येतो आणि चुकला तर दोन दिवसांत निस्तरता येतो. वर्षातून एकदाच येणाऱ्या मोठ्या निर्णयावर सुरुवात करू नका, त्यात ना सराव होतो ना चूक परवडते. पगारवाढ, शिस्तभंगाची कारवाई आणि कोणाची खासगी माहिती लागणारे निर्णय मात्र कुठल्याच पायरीवर देऊ नका.